सहा-दहाची गाडी

नागवेणी कुठल्याही टूलचं वर्णन लिहायला बसली की आधी 'हे कधी वापरू नये' ते लिहिते. मग कधी वापरावं ते. मग वापरल्यावर आपोआप आणखी काय काय घडतं, आणि घडलेलं मागे घेता येतं की नाही. टूल मुळात करतं काय, ते सगळ्यात शेवटी. ऑफिसातली नवी पोरं तिची टिंगल करतात. परवा एकाने विचारलं, "मिस, हे वर्णन आहे की लग्नाच्या बोलणीची यादी?" ती म्हणाली, "वाच. कंटाळा आला तरी वाच." एवढंच, आणि पुन्हा लिहायला लागली.

मिस म्हणतात, कारण इथे येण्याआधी तिपटूरच्या हायस्कुलात ती नऊ वर्षं इंग्रजी शिकवत होती. मी तिला नागू म्हणतो आणि ती मला सदण्णा. बंगळुरात बनशंकरीला आमची घरं पाठीला पाठ लावून आहेत आणि कंपनीची सकाळची गाडी आम्हाला एकाच कोपऱ्यावरून उचलते. दर बुधवारी गाडीत बसल्यावर सहा वाजून दहा मिनिटांनी ती एक फोन लावते. दोन-चार वाक्यं बोलते आणि ठेवते. ड्रायव्हरसुद्धा त्या वेळी रेडिओ बंद करतो. दोन वर्षं हे चाललंय.

पूर्वी तिला अभिमान होता तो कमी शब्दांचा. शाळेत पोरांच्या निबंधातले शब्द ती लाल शाईने कापायची आणि आमच्याकडे आल्यावर इंजिनिअरांचे. "माणसाला अर्धं सांगितलं तरी पुरतं, सदण्णा," म्हणायची, "उगाच पूर्ण सांगणं हा त्याचा अपमान." यंत्रं वापरणाऱ्या माणसांसाठी तिने लिहिलेली पुस्तकं खरंच सुंदर असत. मी तेव्हा तपासनीस होतो, आजही आहे. तिच्या लेखनात चूक सापडली की मला आनंद व्हायचा, कारण ती वर्षातून एखादीच सापडायची.

मग मरी आली. कन्नडमध्ये मरी म्हणजे पिल्लू. मराठी कानाला हा शब्द अभद्र वाटतो, माझ्या आईला तर वाटलाच होता, पण ऑफिसात सगळे लाडाने तेच म्हणायचे. ती एक एआय सहायक होती. लहान गावांतून डायलिसिसची केंद्रं चालवणारी एक संस्था आमची गिऱ्हाईक होती. त्यांच्या रुग्णांचे फोन घेणं, वर्षाचं कार्ड संपलं की नवं करायला सांगणं, कुणाच्या दारात कुठली गाडी किती वाजता जाणार याच्या याद्या लावणं, हे मरीने करायचं. त्यासाठी तिच्या हातात वीस-बावीस टूल, म्हणजे एकेक काम करून देणारे छोटे प्रोग्राम, दिली होती. टूलच्या आत काय आहे ते तिला दिसत नाही. तिला दिसतं फक्त टूलचं नाव आणि त्याखालचं वर्णन. त्यावरून कुठलं कधी उचलायचं ते ती ठरवते. ती वर्णनं लिहायचं काम नागूकडे आलं.

गौरी-गणेश चार दिवसांवर होते. शुक्रवार होता. निम्मं ऑफिस गावाला जायला निघालेलं. नागूला तिपटूरची बस गाठायची होती, आईकडे गौर बसते तिच्या. शेवटची सहा वर्णनं तिने तासाभरात लिहिली. त्यातलं एक असं होतं: 'एक्स्पायर्ड पेशंटची नोंद. पेशंट क्रमांक द्यावा.'

मी ते वाचलं. 'ठीक' असा शेरा मारला. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी तिच्याबद्दल बोलत असताना मी साळसूद बाजूला उभा होतो असं कुणाला वाटायला नको.

आमच्याकडे माणूस मेला असं कुणी म्हणत नाही. डॉक्टर म्हणत नाहीत, नर्स म्हणत नाहीत, वर्तमानपत्राच्या छोट्या चौकटीत छापत नाहीत. एक्स्पायर झाला म्हणतात. माझे वडील एक्स्पायर झाले, नागूचे वडील एक्स्पायर झाले. परदेशातल्या कुणाच्या नजरेखालून ते वाक्य गेलं असतं तर त्याने विचारलं असतं, पेशंट म्हणजे काय दुधाची पिशवी आहे का? पण वाचणारे आम्ही दोघेच होतो, आणि दोघांनाही त्यात काही खुपलं नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी मरीसमोर अकरा जणांची कार्डं आली. वर्ष संपलेली. प्रत्येकाच्या समोर लिहिलं होतं: एक्स्पायर्ड. मरीने आपल्या हातातल्या टूलांकडे पाहिलं. एक्स्पायर्डसाठी एकच टूल होतं. तिने ते अकरा वेळा वापरलं. अकरा जिवंत माणसं मेली, त्यांच्या डायलिसिसच्या वेळा दुसऱ्यांना मिळाल्या, गाड्या रद्द झाल्या आणि अकरा घरांत सांत्वनाचे निरोप गेले.

हे आम्हाला कळलं गुरुवारी सकाळी, सण उरकून परतल्यावर. अकरांपैकी एक मास्तर होते, ते केंद्रात जाऊन टेबल बडवत ओरडत होते, "मी मेलोय ना? मग आता माझी भीती बाळगा!" ऑफिसात पहिल्यांदा सगळे हसले. नागू हसली नाही. ती उभी राहिली, नोंदी उघडल्या, आणि तिचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. "सदण्णा," ती म्हणाली, "डायलिसिस चुकलं तर किती दिवस?"

दुपारी बारापर्यंत दहा जण फोनवर सापडले. कुणी दुसऱ्या दवाखान्यात गेले होते, कुणी केंद्रावर जाऊन भांडून आपली जागा मिळवली होती. अकरावा फोन वाजत राहायचा आणि बंद व्हायचा. निंगेगौड, वय एकसष्ट, डायलिसिस दर बुधवार आणि शनिवार, घर कुणिगलच्या पुढे हुलिकेरे. मी गाडी काढली. वाटेत ताटलीएवढ्या तट्टे इडलीच्या एकाही टपरीवर आम्ही थांबलो नाही. नागू सगळा रस्ता तो नंबर लावत होती. एकदा ती म्हणाली, "नुसता जिवंत असू दे. मग मी नोकरी सोडते, काय वाट्टेल ते करते." कुणाला म्हणाली, माहीत नाही. मी आरशात पाहायचं टाळलं.

घराच्या दाराला सणाचं आंब्याच्या पानांचं तोरण होतं आणि अंगणात लोक प्लास्टिकच्या खुर्च्या मांडत होते. तोरण आणि त्या खुर्च्या एकत्र दिसल्या आणि आम्हाला कळलं. पहाटे त्यांना दम लागला होता. कुणिगलच्या दवाखान्याने तुमकूरला न्या म्हणून सांगितलं. रिक्षातून नेताना वाटेतच गेले. देह यायचा होता. फोन आतल्या खाटेवर पडून वाजत होता.

त्यांची बायको होंबाळम्मा ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. आम्ही डायलिसिसच्या ऑफिसातून आलो म्हटल्यावर ती उठली. उठून हात जोडले तिने. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि मी त्यासाठी मान खाली घातली. ती म्हणाली, "तुम्ही लवकर आलात हो. अजून आम्ही कुणालाच कळवलं नाही."

नागूनेही हात जोडले.

"एक विचारू का?" होंबाळम्मा नागूच्या जवळ आली. आवाज खाली आणला, देवळात पुजाऱ्याला विचारावं तसा. "तुमचा निरोप शुक्रवारीच आला होता. हे गेले म्हणून. यांनी मोठ्याने वाचून दाखवला. म्हणाले, मी मेलोय, तरी सणाला पुरणाची होळिगे करशील ना? आम्ही दोघं खूप हसलो. तुम्हाला सहा दिवस आधी कसं कळलं, अक्का? आणि कळलंच होतं तर मला नीट का नाही सांगितलं? मी हसले नसते."

नागूने तिचा हात धरला आणि सोडला. तेवढ्यात देह आला आणि बायकांचा आकांत सुरू झाला. आम्ही स्मशानात जाऊन आलो आणि अंधार पडायच्या आत निघालो. नागूने खरं सांगितलं नव्हतं. परतताना मी म्हटलं, "आज ते सांगायची वेळ नव्हती." ती म्हणाली, "तुला सगळ्यालाच 'ठीक' म्हणायची सवय लागलीय, सदण्णा." तो घाव मला लागायलाच हवा होता, आणि लागला.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तिने सगळे फोन ऐकले. मरीकडे येणारा प्रत्येक फोन साठवलेला असतो. निंगेगौडांचा शनिवारचा फोन तिने माझ्या कानाला लावला. मी एकदाच ऐकला. ती तो किती वेळा ऐकते, मला ठाऊक नाही.

"निंगेगौड यांच्या निधनाबद्दल आम्हाला मनापासून दुःख आहे," मरी म्हणते. गोड आवाज दिला होता आम्ही तिला.

"अहो, निंगेगौड मीच."

"आपण त्यांचे कोण?"

मध्ये थोडा वेळ कोंबड्यांचा आवाज येतो. "कोण म्हणजे? मीच की."

"आपल्यासाठी ही वेळ किती कठीण आहे, हे मी समजू शकते."

ते हसतात. खोकत खोकत, पण मनापासून. "बाई, मी गेलो असेन तर जाऊ दे. गाडी कधी येणार तेवढं सांगा."

"निधन झालेल्या रुग्णांसाठी गाडीची सोय नाही."

"बरं," ते म्हणतात. आणि फोन ठेवतात.

रागावत नाहीत, भांडत नाहीत. एखादी बस रद्द झाल्याचं ऐकावं तसं 'बरं'. पुढे कळलं की आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं. कुणिगलच्या बस स्टँडवर ते कंट्रोलर होते. गाडी आली, गाडी नाही, हे वहीत लिहायचं. आणि एक गाडी रद्द झाली की पुढची येते यावर विश्वास ठेवायचा.

त्याच दिवशी आमचे वरचे साहेब, प्रल्हाद, चुकलेल्या नोंदी दुरुस्त करायला बसले. दहा झाल्या. अकराव्याशी ते थांबले. "ही राहू दे," म्हणाले. "आता बरोबरच आहे ना ती." मनाने वाईट माणूस नाही तो. पण त्या क्षणी त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली मला.

नागू म्हणाली, "तारीख चूक आहे. ते शुक्रवारी गेले नाहीत, गुरुवारी गेले. सहा दिवस ते होते."

"काय फरक पडतो, मिस?"

"त्यांना पडला असता."

तारीख नुसती बदलता येत नव्हती. माणसाला आधी जिवंत करावं लागायचं आणि मग पुन्हा नव्या तारखेने मारावं लागायचं. जिवंत करायचं वेगळं टूल होतं. ते वापरण्याआधी तिने त्याचं वर्णन वाचलं. तिचंच होतं, त्याच शुक्रवारचं: 'नोंद पूर्ववत करते.' तिने ते वापरलं. पडद्यावर निंगेगौड हिरवे झाले. आणि खाली एक ओळ आली: 'निरोप पाठवला. शनिवार, सकाळी ६.१०, गाडी निश्चित.'

पूर्ववत म्हणजे सगळंच पूर्ववत. गाडीसुद्धा, निरोपसुद्धा. ते कुठे लिहिलेलं नव्हतं. तिने लगेच पुन्हा मृत्यूची नोंद केली, गुरुवारची तारीख घातली. दोन-अडीच मिनिटं तो माणूस आमच्याकडे जिवंत होता. मी तिला म्हटलं, रद्द झालं असेल गं सगळं, निरोप काय, सांत्वनाचा दुसरा गेला असेल त्यामागून. तिने मान हलवली. फोन करून विचारायचं धाडस आमच्यापैकी कुणालाही झालं नाही.

अकराव्या दिवशी त्यांचं कार्य होतं. नागू म्हणाली, "मी खरं सांगायला जातेय. तू नको येऊस." मी गेलोच.

पंगत उठली, पाहुणे पांगले. होंबाळम्माने आम्हाला आत बोलावून पानं वाढली. नागूने पानाला हात लावला नाही. म्हणाली, "अम्मा, तुम्ही विचारलं होतंत, आधी कसं कळलं. काहीच कळलं नव्हतं आम्हाला. त्यांचं कार्ड संपलं होतं, ते नव्हते संपले. आमच्या यंत्राने त्यातला फरक ओळखला नाही, कारण मी तो लिहिला नव्हता. मी एक वाक्य चुकीचं लिहिलं."

होंबाळम्मा वाढता वाढता थांबली. "केवढं वाक्य?"

"पाच-सहा शब्दांचं."

"आणि मोठं लिहिलं असतंत तर?"

"तर गाडी आली असती."

तिने हातातलं साराचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "डॉक्टर म्हणाला, हृदय आधीच थकलं होतं. असेल, नसेल. मला कळत नव्हतं रागवायचं कुणावर. देवावर रागावून पाहिलं, पण मन रमेना." तिने नागूकडे पाहिलं. "तुमच्यावर रागावले तर चालेल?"

"चालेल," नागू म्हणाली. रडत होती ती. मी पण.

"मग जेवा आधी. उपाशी माणसावर काय रागवायचं."

जेवण झाल्यावर तिने खाटेखालून एक वही काढली. बस स्टँडवरची असावी तशी, रेघा मारलेली, निंगेगौडांच्या बारीक, सरळ अक्षरातली. दर बुधवार आणि शनिवार, वेळ आणि गाडी. पानंच्या पानं 'गाडी आली'. मग शेवटचं पान.

शनिवार. ६.१०. गाडी नाही. ६.४०. फोन केला. मी वारलो असं कळलं.

सोमवार. फोन केला. उत्तर तेच.

बुधवार. ६.१०. गाडी नाही. सण आहे. ७.००. घरात आलो. दम.

त्याखाली अक्षर बदललं होतं. मोठं, वाकडं, रेघेतून खाली घसरणारं. तिसरी-चौथीत शाळा सुटलेल्या बाईचं.

शनिवार. ६.१०. गाडी आली.

नागूच्या हातातून वही गळाली.

"आली होती ना," होंबाळम्मा साधेपणाने म्हणाली. "आदल्या संध्याकाळी निरोप आला. मागून दुसरा पण आला, तो मी वाचला नाही. त्यातलं मला आधीच माहीत होतं. सकाळी हॉर्न वाजला. मी यांची पिशवी उचलली, शाल घेतली आणि फाटकापर्यंत गेले. ड्रायव्हर म्हणाला, साहेब कुठायत? मी म्हटलं, येतायत, थांबा जरा. बिचारा दहा मिनिटं थांबला."

ड्रायव्हरची यादी आदल्या दिवशी त्याच्या फोनवर गेली होती. एकदा गेलेली यादी परत येत नाही. हेही कुठल्याच वर्णनात नव्हतं.

मी वही उचलली. तिच्या त्या ओळीखाली आणखी दोन ओळी होत्या, त्याच वाकड्या अक्षरात. बुधवार, ६.१०, गाडी नाही. शनिवार, ६.१०, गाडी नाही. म्हणजे ती वाट पाहत होती. एकदा आली होती ना गाडी.

नागूने वही मागितली. का मागितली, तिलाही सांगता आलं नसतं. होंबाळम्माने ती माझ्या हातून घेऊन छातीशी धरली. "नको. अजून पानं शिल्लक आहेत."

नागूने नोकरी सोडली नाही. सोडली असती तर तिला बरं वाटलं असतं, म्हणूनच सोडली नाही असं मला वाटतं. ती सगळी बावीस वर्णनं तिने पुन्हा लिहिली. एक्स्पायर्ड हा शब्द आमच्या कुठल्याही कामात आता सापडणार नाही. कार्ड 'मुदत संपलेलं' असतं आणि माणूस 'मरण पावलेला'. पूर्ववत करणाऱ्या टूलच्या वर्णनात अकरा वाक्यं आहेत. नव्या पोरांनी ती मोजली, आणि त्यावरून तिला चिडवलं. त्यांना यातलं काही माहीत नाही. मी सांगितलेलं नाही.

या बुधवारीही गाडीत तिने बरोबर सहा-दहाला फोन लावला. ड्रायव्हरने रेडिओ बंद केला. मी खिडकीबाहेर पाहत होतो, पण ऐकू येतंच.

"अम्मा, मी नागवेणी बोलतेय, बंगळुरातून. आज बुधवार आहे. आज गाडी येणार नाही. ड्रायव्हर येणार नाही, हॉर्न वाजणार नाही. फाटकाशी थांबू नका. अण्णा नाहीत, अम्मा. ते दोन वर्षांपूर्वी गुरुवारी गेले."

तिकडून कोंबड्यांचा आवाज आला. मग पेनाने कागदावर काही लिहिल्यासारखा.

"बरं," होंबाळम्मा म्हणाली. "मग शनिवारी?"